गर्जणारी गुहा

आमच्या गावात बघण्यासारखं काय आहे म्हणाल, तर बसथांब्याच्या फलकावर तीन गोष्टी रंगवल्यात. एक दीपगृह, ते कायम कुलपात. दुसरं वाळूत रुतलेलं गंजकं जहाज, त्याच्या आडोशाला माणसं नको ते उरकतात. आणि तिसरी आमची गर्जणारी गुहा. लोक यायचे ते हिच्यासाठीच.

खडकाच्या माथ्यावर दोराचा कठडा, कठड्याआड विहिरीच्या तोंडाएवढं भोक आणि खाली गुहा. भरतीचं पाणी आत घुसलं की त्या भोकातून अशी डरकाळी यायची की पोरं आईला बिलगायची. मग एका वादळात गुहेच्या तोंडाशी भलीमोठी शिळा कोसळली, पाणी अडलं आणि गुहा मुकी झाली. तिकिटाची खिडकी आमची होती, पोटंही आमचीच. मी डोक्याला हात लावून बसले, तर नवरा म्हणतो कसा, "मी गर्जतो की!"

चेष्टा वाटली. पण ह्या बाबाला नाटकाचं भारी वेड. जन्मभर भूमिका मागत फिरला आणि मिळालं काय, तर पहारेकरी! तोंडातून एक शब्द काढायचा नाही. आता तो बाजूच्या फटीतून आत शिरायचा, शिळेमागच्या कट्ट्यावर बसायचा आणि दोन्ही बाजूंनी कापलेलं पिंप तोंडाला लावून गर्जायचा. मी वरून एक खडा टाकला की सुरू, दोन टाकले की बाहेर. शिळेखालून भरतीचं पाणी हळूहळू झिरपत चढायचं, ते कट्ट्याला लागायच्या आत दोन खडे पडायचेच.

त्याला जोडून गोष्ट मी रचली, भांडी घासता घासता. बुडालेला कप्तान गुहेत अडकलाय आणि बायकोला हाका मारतोय. शुद्ध थाप! पण ऐकताना लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

त्या दिवशी खेळ संपला, मी दोन खडे टाकले. तेवढ्यात दुसरी बस आली. आजचं संपलं, असं सांगायला मी तोंड उघडलं, तोच खालून आपणहून गर्जना आली. टाळ्याच टाळ्या. मी मनात म्हटलं, मेला टाळ्यांचा भुकेला, बाहेर ये, मग बघते तुझ्याकडे.

पुन्हा दोन खडे टाकले. खाली धडाड्‌दिशी आवाज झाला, पायाखालचा खडक हादरला आणि मग हाक आली. पिंपातून नव्हे, नुसत्या गळ्यातून.

"टकळे! अगं टकळे! पाय अडकला!"

टकळी हे माझं घरातलं नाव, तोंडाला खळ नसते म्हणून. चारचौघांत त्याने ते कधी उच्चारलं नव्हतं. कठड्याशी हशा पिकला.

"शिळा सरकलीय! पाणी येतंय गं!"

मी फटीकडे धावले. तिथे पाणी नुसतं उसळत होतं, माणूस शिरणं शक्यच नव्हतं. तशीच परत आले. "अहो, आत माझा नवरा आहे! खरंच माणूस आहे! हात लावा कुणीतरी!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई शेजारणीला म्हणाली, "काय काम करते गं ही, अगदी खरं रडते." एकाने माझ्या तोंडासमोर मोबाईल धरला. मी त्याच्या पाया पडले. शपथा घेतल्या. "कप्तान नाही हो कुणी! आम्ही फसवलं तुम्हाला! माझा नवरा मरतोय तिथे!" जितकं खरं बोलावं तितकी दाद मिळत होती. माझी टकळी आयुष्यभर चालली, आणि नेमकी आज तिची किंमत शून्य.

शेवटी कठड्याचा दोर सोडला आणि भोकात फेकला. खालून हिसका बसला. "बांधला कमरेला! ओढ!"

मी ओढलं, तो हलेना. दोन तरुण हसत हसत पुढे आले, खेळात भाग घेतल्यासारखे. त्यांनी दोराला हात घातला, एकदा ओढलं, दुसऱ्यांदा ओढलं, आणि त्यातल्या एकाचं हसू मावळलं. "अरे, खरंच कुणीतरी आहे," तो म्हणाला. मग तिघांनी मिळून जीव खाऊन ओढलं. तळहात सोलून निघाले.

खालच्या हाका थांबल्या.

मागून, नुकत्याच बसमधून उतरलेल्यांतून, कुणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!" मग चार-पाच जण ओरडले. मीही भोकावर वाकले. "ओरड ना रे. एकदा ओरड. वाटेल त्या नावाने हाक मार. एकदाच!"

आणि गर्जना आली. छातीत धडकी भरवणारी, भोकातून पाण्याचे तुषार उडवत आलेली. हे पिंप नव्हतं, हा गळा नव्हता. मी लहानपणापासून ऐकत आलेला आवाज होता तो. शिळा हटली होती, पाणी छपरापर्यंत पोचलं होतं, आणि गुहा स्वतःच गर्जत होती.

बसजवळच्या लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्या दोघा पोरांनी माझ्याकडे पाहिलं आणि दोरावरचे हात सैल सोडले. दोर ताठच होता. मी ओढत राहिले.