दाराआडची झील

मित्रांनो, आधी सूर द्यायचा आणि मग बोलायचं, ही माझी रीत. कागदावर सूर लागत नाही, म्हणून आज नुसतं बोलते. मी दहिसरच्या एका चाळीतली बाजाची पेटी. जुनी आहे, पण मोडकी नाही. लालबागच्या एका कारागिराने मला सागवानात घडवलं, पितळेचे सूर एकेक करून घासून लावले आणि शेवटी भाता ओढून स्वतःशीच म्हणाला, "झकास!" तेव्हा माझा माझ्यावर जो विश्वास बसला, तो अजून हललेला नाही. कुणी याला गर्व म्हणेल. म्हणू दे.

लवूबुवांनी मला घरी आणलं तेव्हा ते गिरणीत कामाला होते. पुढे संप झाला, गिरणी सुटली आणि बुवा आरे कॉलनीत एका गोठ्याच्या कचेरीत शिपाई म्हणून लागले. त्या ओढगस्तीतही त्यांनी मला विकलं नाही. दर शनिवारी संध्याकाळी चाळीतल्या मारुतीच्या देवळात भजन व्हायचं. मध्ये मी, माझ्यामागे बुवा आणि शेजारी पखवाज घेऊन दशरथ. पखवाजाचं आणि माझं कधी पटलं नाही. त्याला आधी कणीक लावावी लागते, तेव्हा कुठे स्वारी बोलायला लागते.

आमच्या भजनात बुवा एक ओळ म्हणतात आणि मागचे सगळे ती झेलून परत म्हणतात. याला झील धरणं म्हणतात. झिलीचा कायदा एकच, समोरच्याने टाकलेली ओळ खाली पडू द्यायची नाही. शब्द चुकले तरी चालतील, आवाज बसला तरी चालेल, पण ओळ पडता कामा नये. ओळ पाडली म्हणून बुवांनी भल्याभल्यांना मंडळातून उठवलं होतं.

मंडळात सगळे पुरुष. बायका चहा आणायच्या आणि दाराआड उभ्या राहायच्या. त्यांत दशरथची बायको सुगंधा असायची. पहाटे ती दूधकेंद्रावर बाटल्या द्यायची, दिवसभर घर सांभाळायची आणि शनिवारी दाराआडून हलक्या आवाजात झील धरायची. बुवांचे ओठ तिला दिसत नसत. सगळं कानावर. इतरांना तिचा आवाज ऐकू येत नसे, मला येई. बारा वर्षांत तिने एकही ओळ पाडली नव्हती.

१९८६ साली जुहूला एका संस्थेने पॉलिनेशियातल्या बेटांचा महोत्सव भरवला. सामोआहून एक गायकवृंद येणार होता आणि त्यांच्याआधी इथल्या एखाद्या वस्तीने गावं असं ठरलं होतं. संस्थेच्या चिटणीस पद्मजाबाई त्यासाठी चाळीत आल्या.

"एकच अट आहे, बुवा. त्यांच्याकडे बाया-पुरुष मिळून गातात. तुमच्याही बायका स्टेजवर हव्यात."

"आमच्यात तशी पद्धत नाय."

"मग बोरिवलीच्या मंडळाला विचारते ना मी."

बोरिवलीचं नाव निघाल्यावर बुवा कसले थांबतात! "बरा," ते म्हणाले. "पण ह्या एकाच कार्यक्रमापुरता. थंय बायकांनी घोळ घातल्यानी, तर परत नाव काढूचा नाय."

"आणि नीट झाला तर?" दाराआडून सुगंधाने विचारलं.

बुवांनी माझा भाता मिटवला. "मगे बघू," ते म्हणाले.

सुगंधाला तेवढं पुरे होतं. भांडी घासताना, बाटल्या मोजताना तिचं गुणगुणणं चालू झालं. मला मात्र एक अडचण दिसत होती. बुवांचा सूर काळी दोन, म्हणजे माझी दुसरी काळी पट्टी. पुरुषांना सोयीचा, बायकांना फार खालचा. तालमीत सुगंधा आणि तिच्या शेजारची वनमाला खाली उतरून उतरून थकायच्या आणि त्यांचा आवाज पखवाजाखाली गडप व्हायचा. "ऐकूच येत नाय यार," दशरथ म्हणायचा, तेही स्वतःच्या बायकोबद्दल. पट्टी वर चढवावी, हे कुणाच्याच मनात आलं नाही. मला सुचलं होतं, पण पेटीला कोण विचारतो?

महोत्सवाच्या संध्याकाळी आम्ही टेम्पोतून जुहूला पोचलो. आमचा अभंग बरा झाला. नुसता बरा. लोकांनी बेताच्या टाळ्या वाजवल्या. बायका स्टेजवर दिसल्या, ऐकू आल्या नाहीत. अभंग संपल्यावर आम्हाला स्टेजच्या कडेलाच बसवून ठेवलं. सुगंधा मान खाली घालून बसली होती. आपली बारा वर्षांची वाट इथेच संपली, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं, आणि मला तिच्यासाठी फार वाईट वाटलं.

मग सामोआची मंडळी आली. पुढे एक पिकल्या केसांची धिप्पाड बाई, कानामागे लाल फूल. वाद्य म्हणून काहीच नाही. मी मनात म्हटलं, पेटीशिवाय हे काय गाणार! तिने एक लांब ओळ म्हटली आणि ती थांबली. तिच्या मागचे लोक श्वास घेत होते.

आणि त्या रिकाम्या जागेत सुगंधाने झील धरली.

तिने ठरवून केलं नाही. ओळ पडत होती, तिने झेलली. भाषा ओळखीची नाही, अर्थ ठाऊक नाही, पण ऐकलेले शब्द जसेच्या तसे आणि सूर नेमका. त्या बाईची पट्टी होती काळी पाच, बुवांच्यापेक्षा बरीच वर. सुगंधाचा आवाज पहिल्यांदाच मोकळा सुटला आणि समुद्रापर्यंत गेला. मग तिला कळलं आपण काय केलं. तिने तोंडावर पदर धरला.

"वाट लागली," दशरथ पुटपुटला.

बुवांचा चेहरा लाल झाला. पाहुण्या बाईने गाणं थांबवलं, वळून आमच्याकडे पाहिलं आणि ती चक्क हसली. दोन पावलं पुढे येऊन तिने दुसरी ओळ म्हटली, थेट आमच्या मंडळाकडे तोंड करून, आणि वाट पाहत उभी राहिली.

ओळ हवेत होती. सुगंधाने बुवांकडे पाहिलं. बुवांची बोटं काळी दोनवरून उठत होती आणि परत तिथेच टेकत होती. एका बाजूला त्यांचा मान, दुसऱ्या बाजूला त्यांचाच कायदा. मग त्यांनी दात-ओठ खाऊन काळी पाच दाबली.

"धर गे!" ते ओरडले.

सुगंधाने ओळ उचलली, तिच्यामागे वनमाला, त्यांच्यामागे सगळं मंडळ. पुरुषांची त्या पट्टीत तारांबळ उडाली, दशरथ तर खालच्या सप्तकातच राहिला. तेवढ्यात पाहुण्यांचे आवाज आत शिरले, काही आमच्या वर, काही खाली, सगळे वेगळे आणि तरी एकत्र. एका वेळी एकच सूर खरा, असं मी जन्मभर मानत आले होते. मित्रांनो, त्या संध्याकाळी मी चूक ठरले आणि मला त्याचा आनंद झाला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

परतताना टेम्पोत वाद जुंपला. कुणी म्हणालं, कार्यक्रमात नव्हतं ते गायली, हाच घोळ. कुणी म्हणालं, तिच्यामुळेच अब्रू राहिली. बुवा मला मांडीवर धरून बाहेरचा रस्ता बघत बसले.

पुढच्या शनिवारी पुरुष बसले. सुगंधा चहा घेऊन आली आणि नेहमीसारखी दाराआड गेली. बुवांनी ओळ म्हटली, मंडळाने ती झेलली. बुवा थांबले. पुन्हा तीच ओळ म्हटली, पुन्हा थांबले. मग त्यांनी माझ्यावरचा हात उचलला आणि दाराकडे न बघताच म्हणाले, "झील कमी पडता. सुगंधा, किटली ठेव थंय आणि येऊन बस."

दशरथ पखवाजासकट बाजूला सरकला.

आता माझ्यासाठी काय मागू? झुरळं शिरू नयेत म्हणून भात्यात कापूर ठेवत जा, आणि दमट हवेत मला उघडी टाकू नका. पण माझे सूर बिघडले तर लावून देणारा मिळतो. दाराआड गेलेली सुगंधाची बारा वर्षं तिला कुणी परत देऊ शकलं नाही. म्हणून आज घरी गेलात की कान देऊन ऐका, ओट्यापाशी कोण गुणगुणतंय ते. आणि जरा सरकून त्यांना बसायला जागा द्या.