नदीच्या मधोमध

खापरखेड्याची गोपिका नागपूरला विद्यापीठात इतिहास आणि आंतरराष्ट्रीय संबंध शिकायची. त्या दुपारी मॅडमनी तिला नि तिच्या वर्गातल्या विहंगला एक काल्पनिक नकाशा दिला. दोघं दोन देशांचे प्रतिनिधी; त्यांनी सरहद्द ठरवायची.

विहंगने नदीवर बोट ठेवलं. "मधोमध रेघ ओढ. जगभर असंच करतात."

गोपिकाने पेन्सिल टेकवली आणि कागदावरची नदी तिच्या डोळ्यांपुढे हळूहळू वाहू लागली. ती खापरखेड्याजवळची कन्हान झाली. पैलतीरी मावशीचं गाव, उन्हात वाळणारी लुगडी, पाण्यातून संथ निघालेल्या म्हशी. वर्गातले आवाज दूर दूर गेले.

"काय पाहून राहिली वं?" विहंगने विचारलं.

"माणसं," ती म्हणाली. "रोज इकडून तिकडे जातात. त्यायले कोणी विचारलं?"

तो खुर्ची जवळ ओढून म्हणाला, "बरं, जाऊ देऊ त्यायले. कसं लिहायचं, सांग."

रेघ त्यांनी ओढलीच, पण फिकट. खाली पहिलं कलम लिहिलं, की दोन्ही काठच्या लोकांना नदी मोकळी राहील.

मॅडमनी ते सावकाश वाचलं. "आणि पुरात नदीनं पात्र बदललं तर?"

दोघं पुन्हा नकाशावर वाकली.