सोबतीचं तिकीट

ताईला ऐकू येत नाही आणि मला गप्प बसता येत नाही. घरातला सगळा आवाज एकीच्याच वाट्याला आला, असं आमची आई म्हणायची. लहानपणी आलेल्या तापात ताईचे कान गेले, तेव्हा मी पाळण्यात होते. पाळण्यातून उतरले ती तिच्या वतीने बोलायलाच.

आणि बोलायचं म्हणजे कसं, तर थेट ‘मी’ म्हणूनच. शिंप्याकडे ताई मापं देत उभी असते आणि मी म्हणते, “मला बाही जरा लांब हवी.” शिंप्याला सवय आहे, तो ताईची बाही मोजतो. एकदा नवीन डॉक्टर आले होते. मी म्हटलं, “डॉक्टर, कालपासून माझं पोट दुखतंय,” तर त्यांनी मलाच झोपवून माझं पोट दाबायला सुरुवात केली. ताई हसून हसून इतकी वाकली की तिचं दुखायचंच थांबलं.

आमचं पुस्तकं बांधायचं दुकान आहे. पुढे काउंटर, तिथे मी. मागच्या खोलीत खळीचं भांडं, पुठ्ठे, दाभण, दोरा आणि लोखंडी दाबयंत्र, तिथे ताई. पानं सुटलेली, कसर लागलेली, पाण्यात भिजलेली पुस्तकं तिच्या हातून गेली की नातवंडांना वाचायला पुरतील अशी होतात. गिऱ्हाईकाला मात्र ते मी पटवते. बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचं सोनं पडून राहतं, हे मी ताईला हजारदा सांगितलंय. त्यावर ती दर वेळी बोटं आणि अंगठा बदकाच्या चोचीसारखी उघडमिट करते. आमच्या हातांच्या भाषेत ते माझं नाव आहे. माझ्या जिभेला हाड नाही हे सांगायची इतकी सोपी पद्धत दुसरी नसेल.

तर झालं असं, की कुठल्याशा लांबच्या देशात एका मोठ्या ग्रंथालयाच्या तळघरात पाणी शिरलं. हजारो जुनी पुस्तकं भिजली. त्यांनी ठिकठिकाणचे बांधणारे बोलावले, आणि आमच्याकडून पुस्तकं बांधून घेणाऱ्या एका प्राध्यापकबाईंनी ताईचं नाव सुचवलं. तीन महिन्यांचं काम, राहायला खोली, आणि ऐकू येत नाही म्हणून सोबतीला एक माणूस. म्हणजे दोन तिकिटं. दुसरं कोणाचं, हे विचारायची गरजच नव्हती. मी त्याच संध्याकाळी ह्यांना सांगून टाकलं, “तीन महिने तुमचं तुम्ही बघायचं.” हे शाळेची बस चालवतात, दिवसभर पोरांचा कालवा ऐकतात. ते म्हणाले, “तीन महिने शांतता? बघीन की.” मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते उठून बस धुवायला गेले.

तयारीला लागलो. समोर विमानकाका राहतात. ते आयुष्यात एकदाच विमानात बसले, पण त्या एका प्रवासावर त्यांची सगळी म्हातारपणाची शान चालते. ते रोज येऊन बसायला लागले. “दाभण, कात्र्या, सुऱ्या हातातल्या पिशवीत नाही चालायच्या, मोठ्या बॅगेत टाका. औषधं हातातल्या पिशवीत, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. पासपोर्टाची एक प्रत बॅगेत, एक घरी. आणि पायात नवे बूट घालू नका, पाय सुजतात.” सल्ले चांगले होते, नाही म्हणणार नाही. फक्त प्रत्येक सल्ल्यामागे त्यांच्या विमानातली तीच जेवणाची गोष्ट यायची.

बॅगा आम्ही दुकानातल्या कागदाच्या वजनकाट्यावर तोलल्या. तिथली थंडी ऐकून मी दोघींचे स्वेटर, पायमोजे, कानटोप्या भरल्या. ताईसाठी उशीखाली ठेवायचं थरथरणारं गजराचं घड्याळ आणलं. तिच्या गळ्यात घालायला पत्ता लिहिलेलं कार्डही केलं, दोरी लावून. ते बघून ताईने हातांनी विचारलं, “मी बकरी आहे का?” आणि कार्ड दाबयंत्राखाली टाकून दिलं. दुसऱ्या दिवशी बघते तर बॅगेतला माझा जाड स्वेटर कपाटात परत. मी पुन्हा भरला, तो पुन्हा बाहेर. मला वाटलं, वजन कमी करतेय बिचारी. मीही अक्कल गहाणच टाकली होती म्हणायची.

मग व्हिसाच्या मुलाखतीचा दिवस आला. काचेपलीकडे एक चष्मेवाली अधिकारी बाई. तिने ताईकडे बघून विचारलं, “तिथे तुम्ही नक्की काय काम करणार?”

मी म्हटलं, “मी भिजलेली पुस्तकं उसवते, पानं वाळवते आणि पुन्हा शिवते.”

बाईंनी हातातल्या कागदावरचा फोटो बघितला, मला बघितलं, ताईला बघितलं. “पुस्तकं बांधणाऱ्या तुम्ही की त्या?”

“त्याच हो,” मी म्हटलं. “आणि मी कालच अंगठ्याला दाभण टोचून घेतलंय, त्यामुळे सही जरा वाकडी येईल.”

“अंगठा कोणाचा?”

“माझा. म्हणजे हिचा.”

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “तुम्ही बाहेर बसा,” त्या मला म्हणाल्या. मी समजावायला गेले तर शिपाई दार उघडून उभाच. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी ताईपासून उठवून बाहेर बसवलं. बाकावर बसून मी नुसती धुमसत होते. म्हटलं, आता बिघडणार सगळं. त्या काचेशी एकटी काय करणार आहे ती?

बऱ्याच वेळाने ताई आली. चेहऱ्यावर असं काही होतं की मी तिला इतकं खूश बघितलेलं आठवत नव्हतं. हातात दोन पासपोर्ट. तिचा व्हिसा मंजूर होता. माझा पासपोर्ट गेला तसाच कोरा परत आला होता. बरोबर एक कागद होता, त्यावर बाईंनी लिहून विचारलं होतं, “सोबतीशिवाय तुम्हाला जमेल का?” आणि खाली ताईचं टपोरं अक्षर: “जमेल. एकटीच जाईन.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भर रस्त्यात मी हातवारे करून तिच्याशी भांडले. ती शांतपणे उभी राहून बघत होती. जाणारे येणारे थांबून बघत होते ते वेगळंच. “तुला रस्ता ओलांडताना मागून गाडी आली तर? कोणी दार वाजवलं तर? कोणी फसवलं तर?” तिने एवढंच सांगितलं, “घरी चल.”

मी अबोला धरला. आता, ताईशी अबोला धरायचा म्हणजे तोंड बंद ठेवून भागत नाही, डोळे बंद ठेवावे लागतात. ती समोर आली की मी डोळे मिटायचे. चहा ओतताना मिटले आणि ह्यांच्या मांडीवर ओतला. “अगं, भांडण तुमचं आणि भाजतोय मी!” हे ओरडले. मग रात्रीच्या जेवणाला मला म्हणाले, “तू घाबरतेस ते तिच्यासाठी की स्वतःसाठी, ते एकदा ठरव.” मी त्यांच्यासमोरही डोळे मिटले.

रविवारी सकाळी ताईने माझे दोन्ही खांदे धरले आणि मी डोळे उघडेपर्यंत सोडलेच नाहीत. मग तिने हातांनी सांगितलं, “बाजाराला चल. लांबच्या. जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही. दोन वस्तू घ्यायच्या. एक तू, एक मी. तोंड बंद.”

“का?”

“तिथे तुझी भाषा कोणाला येते? इथेही येत नाही असं समज.”

मी म्हटलं, घोडामैदान जवळच आहे, बघू. तिकडच्या भिंतीत आपली पिन बसत नाही, म्हणून एक जोडपिन घ्यायची होती, ती माझ्याकडे. ताईकडे बर्फात चालायचे बूट.

विजेच्या पहिल्या दुकानात गेले आणि मिठाची गुळणी धरल्यासारखी उभी राहिले. दुकानदार म्हणाला, “काय हवंय?” मी दोन बोटं हवेत खुपसली. त्याने खिळे दाखवले. मी मान हलवली आणि वीज दाखवायची म्हणून अंग थरथरवलं. तो बिचारा घाबरला. धावत बाहेर आला, मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, आणि “काकूंना फिट आली, फिट आली” म्हणून शेजाऱ्यांना हाका मारायला लागला. दारात ताई भिंतीला टेकून पोट धरून हसत होती. पुढच्या दुकानात मला उंदराचा पिंजरा दाखवला. तो का, ते अजून कळलेलं नाही. तिसऱ्यात माझा धीर सुटला आणि मी तोंड उघडणार, तोच ताईने माझा हात दाबून मला मागे केलं आणि स्वतः पुढे झाली.

तिने आधी दुकानदाराच्या डोळ्यांत बघून नमस्कार केला. कानाला हात लावून नकाराची मान हलवली, म्हणजे त्याला कळलं. मग भिंतीतली पिनेची जागा दाखवली, फोनमध्ये त्या देशातल्या भिंतीचा फोटो दाखवला, आणि दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवली. संपलं. त्याने जोडपिन काढून दिली. एवढंच नाही, काउंटरच्या बाहेर येऊन ती कशी लावायची, गरम झाली तर काय करायचं, हे सगळं हातांनी तिला दाखवलं. किंमत ऐकून, म्हणजे वाचून, ताईने ओठ असे काढले आणि दाराकडे अशी वळली की त्याने हसत हसत किंमत उतरवली. बूट घेताना तर तिने दुकानात बर्फावरून घसरून दाखवलं. दुकानातली पोरगी टाळ्या वाजवत होती.

मी दोन्हीकडे कोपऱ्यात, हातात पिशवी धरून उभी. माझ्याकडे कोणी बघितलंही नाही.

येताना बसथांब्यावर ताईने बूट मांडीवर ठेवले आणि हात मोकळे केले. “मला कोणाचीच भाषा ऐकू येत नाही,” ती म्हणाली. “इथलीही नाही. रोज असंच चालवते. मला सवय आहे, तुला नाही.” मग म्हणाली, “तू बरोबर असलीस की सगळे तुझ्या तोंडाकडे बघतात. माझ्याकडे बघून कोणी बोलत नाही. त्या बाईने बघितलं. मला ते आवडलं.”

बाई गं! वाईट वाटलं, खूप वाटलं. आणि खरं सांगते, त्या घसरण्याच्या नाटकाचा अभिमानही वाटला. मी तिला म्हटलं, “उंदराचा पिंजरा घ्यायला हवा होता, दुकानात उपयोगी पडला असता.” ती हसली आणि आमचं भांडण मिटलं.

मग मात्र खरी तयारी झाली. बॅगेतली माझी सगळी गाठोडी मीच उपसून काढली. माझा जाड स्वेटर तेवढा पुन्हा भरला, तिच्यासाठी, कारण तिच्या स्वेटरपेक्षा तो उबदार आहे. या वेळी तिने तो बाहेर काढला नाही. विमानकाकांनी दुकानाच्या टेबलावर तपासणीचा सराव घेतला, बॅग कशी ठेवायची, पट्टा, घड्याळ कसं काढायचं. विमानतळावर घोषणा ऐकू येणार नाहीत, म्हणून दाराचा आकडा फलकावर बघत राहायचं आणि चढताना तिकीट बघणाऱ्यांना आधीच सांगून ठेवायचं, हे ताईने स्वतः शोधून काढलं. काका म्हणाले, “हे मलाही माहीत नव्हतं.” आणि तरीही जेवणाची गोष्ट सांगितलीच.

विमानतळावर आम्ही बाहेर, ती आत, मध्ये मोठी काच. काचेला माणसं चिकटली होती. “पोचलास की फोन कर!” “अरे, डबा कुठल्या पिशवीत आहे?” “काय? काय म्हणतेस?” आतल्याला बाहेरचं ऐकू येईना आणि बाहेरच्याला आतलं. नुसत्या माना हलत होत्या. त्या गर्दीत फक्त आम्ही दोघी आरामात गप्पा मारत होतो. खळ झाकून ठेव, तिने सांगितलं. निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक अजून ओलं आहे, दाबाखालून काढू नकोस. मी विचारलं, पासपोर्ट? तिने खिशावर थाप मारली. पाणी प्यायलीस? प्यायले. शेजारचे एक आजोबा ह्यांना विचारत होते, “ह्यांना कसं हो कळतं सगळं?”

मग ताई रांगेत पुढे गेली. टेबलाशी एक उंच शिपाई होता. त्याने तिला काहीतरी विचारलं. त्याचे ओठ हलताना मला दिसले, आणि सवयीने माझं तोंड उघडलं. “मी...” एवढंच मी काचेला म्हणाले. पुढे काय, ते मलाच माहीत नव्हतं.

ताईने कानाला हात लावला. शिपायाने मान हलवली, चेहरा तिच्याकडे नीट वळवला आणि बॅगेकडे बोट केलं. तिने हवेत पुस्तक उघडलं, सुईने दोरा ओढला, मिटलं, वर हाताने दाबलं. तो हसला आणि त्याने तिला वाट करून दिली.

पलीकडे गेल्यावर ती एकदाच वळली. बोटांची चोच केली, उघडमिट केली. मग ती चोच मिटून छातीशी धरली, तशीच थोडा वेळ ठेवली, आणि गेली. माझा स्वेटर तिच्या अंगावर होता, दिसेनासा होईपर्यंत मी तोच बघत राहिले.

माझे डोळे वाहत होते आणि मला पुसायचं सुचत नव्हतं. हे जवळ आले. “काय म्हणाल्या गं ताई शेवटी?”

इतकी वर्षं हा प्रश्न आला की उत्तर माझ्या जिभेवर तयार असायचं. तेव्हाही होतं.

“पोचली की तिलाच विचारा,” मी म्हटलं.