जेवणाच्या टेबलावरचे चौघे

सासूबाई ताटं घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या.

"अगं, जेवायचं कुठे?"

"शुक्रवारपर्यंत मांडीवर, आई," सूनबाई टेबलाखालून म्हणाली.

टेबलावर चार जुने संगणक उघड्या अंगाने बसले होते. नवऱ्याच्या ऑफिसने ते भंगारात काढले होते. सूनबाईने त्यांच्यावर लिनक्स हे फुकटचं सॉफ्टवेअर चढवलं, वायरींनी त्यांना एकमेकांशी बांधलं आणि त्यातल्या त्यात धडधाकट होता त्याला थोरला केलं. थोरल्याने गणिताचे तुकडे करून वाटायचे, बाकीच्यांनी ते सोडवून परत द्यायचे.

"एकत्र कुटुंबच की हे," सासरे म्हणाले. "थोरला हुकूम सोडणार, धाकटे राबणार."

"आपल्याकडे थोरला नुसता पेपर वाचतो," सासूबाई म्हणाल्या.

गणित होतं मातीतून पाणी कसं झिरपतं याचं. मूल झालं तेव्हा सूनबाई ते अर्धवट टाकून प्रयोगशाळेतून घरी आली होती. आता तिथे एक जागा रिकामी झाली होती. "शुक्रवारी आकडे आण, जागा तुझी," प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या होत्या, "नाहीतर मला दुसरं कोणी बघावं लागेल." विद्यापीठातल्या मोठ्या संगणकावर नंबर लागायला दोन महिने होते, म्हणून हा भंगारातला संसार. चौघांनी न थांबता काम केलं तर अडीच दिवस पुरे होते. आणि आज मंगळवार होता.

थोरल्याने कामं पाठवली. एकाने निमूटपणे घेतलं. दुसऱ्याने पडद्यावर कळवलं की निरोप शिळा आहे, घेणार नाही. तिसऱ्याची तक्रार उलटी होती: निरोप आला खरा, पण तो पाठवायची वेळच अजून झालेली नाही.

सूनबाईने वायरी बदलल्या. सगळ्या परवानग्या पुन्हा तपासल्या. एकावर लिनक्स नव्याने चढवलं. दुपार कलली तरी दोघे आपल्या म्हणण्यावर ठाम.

"भाऊबंदकी आहे," सासरे म्हणाले. "तिऱ्हाइताने मध्यस्थी केल्याशिवाय मिटायची नाही."

"बाबा, प्लीज. किती वाजले?"

"पावणेचार," सासरे मनगट बघून म्हणाले.

"सव्वाचार होऊन गेले!" स्वयंपाकघरातून सासूबाई ओरडल्या.

"चारच वाजलेत," नवरा मोबाईलवरून मान वर न करता म्हणाला.

सूनबाई हातातला स्क्रूड्रायव्हर धरून तशीच उभी राहिली.

या संगणकांच्या आतल्या बॅटऱ्या कधीच मेल्या होत्या, त्यामुळे चालू केल्यावर दर वेळी त्यांना वेळ सांगावी लागे. सकाळी घाई होती म्हणून तिने घरातल्या प्रत्येकाला वेळ टाकायला एकेका संगणकासमोर बसवलं होतं. आणि ही यंत्रं संशयी. निरोपावरची वेळ आपल्या वेळेशी पाच मिनिटांच्या आत जुळली नाही, तर ती पाठवणाऱ्यावर विश्वासच ठेवत नाहीत.

"आई, तुमचं घड्याळ पुढे आहे?"

"वीस मिनिटं. मीच ठेवलंय. नाहीतर या घरातून कोणी वेळेवर निघालं असतं का?"

"आणि बाबा, तुमचं?"

"मागे पडतं जरा. निवृत्त माणसाला कसली घाई?"

"अहो, मग वेळ टाकताना तेवढा हिशेब नाही का करायचा? एरवी करता ना!"

"तू म्हणालीस, घड्याळात दिसेल तीच वेळ टाका, स्वतःचं डोकं लावू नका," सासूबाई दुखावल्या स्वरात म्हणाल्या. "तू शास्त्र शिकलेली. म्हटलं, असेल काही कारण."

सूनबाईने एकाच मोबाईलवर बघून चारही वेळा जुळवल्या. मग एकामागून एक चारही संगणकांचे पंखे घुरघुरायला लागले, आणि सासऱ्यांनी न राहवून टाळ्या वाजवल्या.

शुक्रवारी मॅडमनी आकडे वाचले, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचले.

"सोमवारपासून ये," त्या म्हणाल्या. "हे चालवलंस कुठे?"

"घरी. जेवणाच्या टेबलावर."

घरी आल्या आल्या तिने बातमी सांगितली. नवऱ्याने तिला उचललंच. मग ती टेबल मोकळं करायला वायरी सोडू लागली, तशा सासूबाई आडव्या आल्या. चारही पंख्यांच्या मागे, गरम वाऱ्यात, घरातले सगळे मोजे ओळीने वाळत होते.

"अगं, थांब," त्या म्हणाल्या. "आणखी एखादं गणित नाही का तुझ्याकडे? अजून चादरी राहिल्यात."