वीस हजारांतली दोनशे चित्रं

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. लग्नसमारंभ काही मी पाहिले नाहीत. माझा जन्म बाटल्यांच्या कारखान्यासाठी झाला. सेकंदाला शंभर चित्रं टिपायची आणि वाकडं झाकण पकडायचं, हे माझं काम. पुढे कारखान्याला टाळं लागलं आणि मी तीन वर्षं लोखंडी कपाटात पडून राहिलो.

तिथल्या फिटरला माझी दया आली. त्याने मला आपल्या थोरल्या बहिणीकडे, ती काम करायची त्या वेधशाळेत नेलं. वीस वर्षांपूर्वी ताईने दुर्बिणीतून एक तारा पाहून सांगितलं होतं, हा एक नाही, जोडी आहे. पण वरची हवा सारखी थरथरते, म्हणून फोटोत नुसता पांढरा गोळा यायचा. सगळे हसले. ‘जोडीवाल्या ताई’ हे नाव तेव्हाच चिकटलं.

“ताई, पापणी लवायच्या आत टिपतो हा,” फिटर म्हणाला.

“मग हवेलाही चकवेल की!”

दिवस मावळल्यावर मला दुर्बिणीला जोडलं आणि मी त्या ताऱ्याची वीस हजार चित्रं टिपली. बहुतेक फिसकटलेली. हवा क्षणभर दम धरून उभी राहिली, तेव्हाची दोनशे ताईने वेचली आणि एकावर एक बसवली. पडद्यावर दोन ठिपके उमटले, मध्ये काळी फट! ताई भावाचं मनगट धरून बसली. तेव्हा हसलेले वेधशाळेचे साहेब खुर्चीतून उठले. “आमचंच चुकलं, ताई.”

सहा वर्षं आम्ही खूप काम केलं. मग ताई निवृत्त झाली, नवी वेधशाळा दुसरीकडे उभी राहिली आणि ही बंद पडली.

“याला घरी नेऊ का?” तिने विचारलं.

“वेधशाळेच्या नोंदीतली वस्तू आहे, ताई. कुलपात सुरक्षित राहील,” साहेब म्हणाले.

तेव्हापासून मी दुर्बिणीला स्क्रूने जखडलेला आहे. डोळ्यावर टोपण, घुमट बंद. काचेवर बुरशीचा पहिला धागा धरलाय. तो पसरतोय हे मला कळतं, पण ओरडता येत नाही.

ताई दर आठवड्याला अर्ज घेऊन येते. पहारेकरी म्हणतो, “साहेब रजेवर आहेत.”

मित्रांनो, कुलूप लावणं म्हणजे जपणं नव्हे. वस्तू पुसा, हाताळा, कामाला लावा. नाहीतर ज्याला ती हवी आहे त्याला देऊन टाका.

काल ताईने दारावर थाप मारली. म्हणाली, “उघडा हो! अजून दिसतंय त्याला.”