पिशव्यांपाशी कोण बसणार

आमच्या घरातून कुठेही सहल निघाली की डबा काय न्यायचा, पुढच्या सीटवर कोण बसणार, यावर आठवडाभर वाद चालतो. पिशव्यांपाशी कोण बसणार, हे मात्र कधीच कुणी विचारत नाही. ते ठरलेलं आहे. मी बसते.

गोव्याला गेलो तेव्हा समुद्र मी छत्रीखालून बघितला, भोवती सगळ्यांच्या चपला मांडून. गोकाकचा धबधबा नुसता ऐकला, कारण माकडं पिशव्या पळवतात म्हणून मी गाडीला पाठ लावून उभी होते. घरी आल्यावर फोटो बघायचे आणि छान आलेत म्हणायचं. त्यात मी नसते. एखाद्यात असलेच तर मांडीवर चार टॉवेल असतात.

आणि या घरात नीट पोहता येतं ते फक्त मला. माझं माहेर खानापूरकडचं, मलप्रभेच्या काठचं. लहानपणी बाबांनी पाठीला वाळका भोपळा बांधून मला विहिरीत सोडलं आणि वरून एवढंच म्हणाले, "अंग सोड, पानी धरतंय तुला." दहावीपर्यंत मी त्या विहिरीच्या काठावरून सूर मारत होते. लग्न होऊन कंग्राळीत आले, आणि तेव्हापासून पाण्यात हात जातो तो भांडी घासायला.

या वेळी मी ठरवलं होतं. उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या ऑफिसात मी बिलं बघते. तिथल्या मैत्रिणीने सांगितलं, तवंदी घाट उतरला की निपाणीच्या अलीकडे नवीन थीम पार्क झालंय, आत पाण्याचे सगळे खेळ आहेत. निपाणीत माझी नणंद असते, जयाबाई. दिवसभर पार्क आणि संध्याकाळी जयाक्कांकडे जेवण, असा बेत मी आखला. तिकिटंही मीच काढली. माझा नवरा नागेंद्र मात्र गल्लीत सांगत सुटला, "सगळ्यास्नी फिरवून आनतो." आयत्या बिळावर नागोबा, तोही नावासकट. मी खडेबाजारातून पूर्ण बाह्यांचा काळा पोहायचा ड्रेस आणला आणि जयाक्कांच्या ओटीसाठी घेतलेल्या साडी-नारळाखाली दडवून ठेवला. सहा तिकिटं होती आणि सहावं माझं होतं.

गाडीत सासरे आप्पा, सासूबाई मालुबाई, ज्यांना मी आत्ती म्हणते, नागेंद्र, पंधरा वर्षांचा सौरव, दहा वर्षांची तेजस्वी आणि मी. तेजू घरातूनच गुलाबी ड्रेस घालून, डोळ्यांना पोहायचा गॉगल लावून बसली होती. संकेश्वर येईपर्यंत तिने तो काढला नाही. गॉगलमधून सगळं निळं दिसतं, असं ती आप्पांना सांगत होती.

पार्कच्या दारात फायबरचा डायनासोर तोंड वासून उभा होता. आत लाटांचं मोठं तळं. मशीन सुरू झालं की भोंगा वाजायचा आणि लाटा यायच्या, भोवतीची माणसं आरडाओरडा करत आत पळायची. तळ्याच्या कडेला पत्र्याखाली प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. आमच्या लोकांनी त्यातली एक खुर्ची बघितली आणि कुणी काही न बोलता सगळं तिच्यावर येऊन पडलं. कपड्यांची निळी बॅग, डब्यांची पिशवी, ओटीची लाल पिशवी, टॉवेल, चपला.

"रचना, हे पाकीट आनि गाडीची चावी धर."

"आई, माझा मोबाईल."

"सूनबाई, माझा चष्मा तेवढा."

समोरच लॉकरची खिडकी होती. मी म्हणाले, "आज लॉकर घेऊया."

आप्पांनी खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "घरचं मानूस असताना लॉकर कशाला?"

त्यात राग नव्हता की टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच कळेना. शिवी दिली असती तर मी मनातल्या मनात का होईना, परत दिली असती. याला काय उत्तर द्यायचं? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मी पान्यात जानार हाय," मी म्हणाले. "माझं पन तिकीट काढलंय."

नागेंद्र शर्ट काढत होता, तो अर्ध्यातच थांबला. आत्तींनी पदर सारखा केला आणि विचारलं, "मग पिशव्यांपाशी कोन बसनार?"

शेवटी विचारलं बाई कुणीतरी. सोळा वर्षांनी का होईना, विचारलं.

सगळे इकडेतिकडे बघू लागले. आप्पांना झुकझुक गाडीत बसायचं होतं. आत्ती म्हणाल्या, "मी बसले असते गं, पन ह्यास्नी एकट्यानं धाडून कसं चालंल?" तेही खोटं नव्हतं. आत्तींनीही जन्मभर पिशव्या राखल्या. आता त्यांच्याकडे एकच उरली आहे, ती म्हणजे आप्पा. सौरवकडे तर कुणी बघितलंच नाही. धडधाकट घोडा, मोबाईल माझ्या हातात टेकवून तो घसरगुंडीच्या जिन्यावर निम्म्यात पोचलासुद्धा होता.

"तेजू बसंल की," नागेंद्र म्हणाला. "शानी हाय ती. व्हय न्हवं, तेजू?"

तेजूने आमच्या दोघांकडे बघितलं. मग गॉगल कपाळावर सरकवला आणि पिशव्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसली. निळ्या बॅगेचा पट्टा तिने मनगटाला गुंडाळला, पाय लाल पिशवीवर ठेवले आणि सगळ्यांचे मोबाईल मांडीत घेऊन वर फ्रॉकसारखा टॉवेल पसरला. मी बसते तशी, अगदी हुबेहूब. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. बघून बघून आलं होतं.

"बघ, किती शानी," म्हणत नागेंद्र गेला. आत्ती-आप्पा गेले.

मी बदलायच्या खोलीत जाऊन तो काळा ड्रेस घातला. चेन एका झटक्यात वर ओढली. मला वाटलं होतं, लाज वाटेल. लाज कुठली, राग होता. मला बसवलं ते बसवलं, मी मोठी बाई आहे, माझं मला बघून घेता येईल. पण या पोरीला दहाव्या वर्षी खुर्ची दाखवली यांनी. आणि ती रडली असती तरी बरं वाटलं असतं, ती शहाण्यासारखी बसली.

परत आले तेव्हा तळ्यात लाटा सुरू होत्या आणि तेजू मान वळवून त्या बघत होती. पट्टा मनगटाला तसाच.

"ऊठ," मी म्हणाले.

"पिशव्या?"

"ऊठ म्हनते न्हवं."

आम्ही दोघींनी सगळं ओढत लॉकरच्या खिडकीपाशी नेलं. आतल्या मुलीने कन्नडमध्ये सांगितलं, एवढं एकात मावणार नाही, दोन घ्या. मी दोन घेतले. कपडे, टॉवेल, डबे, चष्मा, पाकीट, गाडीची चावी, सगळे मोबाईल, ओटीचा नारळ, सगळं आत. रबरी पट्टीतली एक किल्ली माझ्या मनगटात, एक तेजूच्या.

मग आम्ही पाण्यात शिरलो. क्लोरिनचा वास होता, पायाखाली फरशी होती, विहिरीचं काहीच नव्हतं त्यात. पण कमरेपर्यंत पाणी आलं आणि माझं अंग मला ओळखीचं वाटलं. मी एक सूर मारला तसा गार्डने शिट्टी फुंकली. मग नुसतीच पोहत राहिले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तेजू काठाला धरून होती. तिच्या पाठीखाली हात दिला आणि म्हणाले, "अंग सोड, पानी धरतंय." ती ताठ झाली, बुडाली, नाकात पाणी गेलं, माझा गळा धरून खोकली. पुन्हा म्हणाली, अजून एकदा. चार-पाच वेळा असं झाल्यावर तिने मान मागे टाकली आणि तरंगली. मी हात काढून घेतला तरी तरंगत राहिली.

जेवणवेळ टळून गेली. आम्हाला भुकेची आठवणच नव्हती. तेवढ्यात लाटा थांबल्या आणि खांबावरचा लाऊडस्पीकर खरखरला. आधी कन्नडमध्ये, मग हिंदीत, मग मराठीत.

"लक्ष द्या. कंग्राळीहून आलेल्या नागेंद्र यांचं सामान हरवलं आहे. एक निळी बॅग, एक लाल पिशवी, त्यात हिरवी साडी आणि नारळ. एक डब्यांची पिशवी. एक काळं पाकीट, गाडीची चावी, चष्मा आणि मोबाईल. कुणाला सापडल्यास कार्यालयात आणून द्यावं."

मला आधी हसू आलं. सगळे ओले, उपाशी, रिकाम्या खुर्चीपाशी उभे असतील, हे डोळ्यांसमोर आलं आणि बरं वाटलं.

"आई, थांब," तेजू म्हणाली. "आता आपलं नाव येईल."

आम्ही दोघी पाण्यात उभ्या राहून वर खांबाकडे बघत होतो. लाऊडस्पीकर पुन्हा खरखरला. निळी बॅग, लाल पिशवी, हिरवी साडी, नारळ. तीन भाषांत, दोनदा. नारळाचं नाव सहा वेळा आलं. आमचं एकदाही नाही.

खुर्ची रिकामी, बाई नाही, दहा वर्षांची पोर नाही, समोर माणूस बुडेल एवढं पाणी. आणि यांनी नारळ शोधायला लावला.

लाटांचा भोंगा पुन्हा वाजला. "जायचं?" तेजूने विचारलं. मी म्हणाले, लाटांची ही एक फेरी पूर्ण घेऊ.

बाहेर आलो तेव्हा नागेंद्र ओल्या चड्डीवर कुडकुडत धावत आला. "कुठं हुतीस? पिशव्या कुठं हायत?"

मी मनगट वर केलं. त्याने किल्ली बघितली, श्वास सोडला आणि तिथेच उकिडवा बसला. "जीव टांगनीला लागलेला गं. सगळं त्यात हाय की आपलं."

"सगळं?"

"मग? पाकीट, चावी, मोबाईल..."

"आमी बुडलो असतो तर?"

"तुला पवता येतंय की," तो म्हणाला. त्याला हे उत्तर वाटलं.

संध्याकाळी निपाणीत जयाक्कांच्या घरी पोचल्यावर मात्र सगळ्यांना वाचा फुटली. मी जयाक्कांना हळदीकुंकू लावून ओटी भरत होते आणि मागे नागेंद्र मारुतीरावांना, म्हणजे जयाक्कांच्या यजमानांना, रंगवून सांगत होता. आम्ही कसे ओले उभे होतो, आप्पांना कशी हुडहुडी भरली, आणि बाईसाहेब कशा लेकीला घेऊन डुंबत होत्या. सौरवही दात काढत होता.

"वहिनी, सांगून तरी जायचं," मारुतीराव म्हणाले. "म्हातारी मानसं बरोबर असताना."

मी तांदळाची शेवटची ओंजळ जयाक्कांच्या पदरात टाकली. तोंड उघडलं असतं तर त्या दिवशी ते घर मला कायमचं बंद झालं असतं. 

जेवायला बसल्यावर तेजू बोलली. भाकरी मोडता मोडता तिने लाऊडस्पीकरचा आवाज काढला, अगदी खरखरीसकट. "लक्ष द्या. एक निळी बॅग, एक लाल पिशवी, त्यात हिरवी साडी आणि नारळ..." सगळे हसले. तिने पूर्ण म्हणून दाखवलं, चष्मा आणि मोबाईलपर्यंत. मग आपल्या खऱ्या आवाजात विचारलं, "पप्पा, आमचं नाव का नाही सांगितलं?"

हसणं थांबलं. नागेंद्र आमटीत भाकरी चुरत राहिला.

आप्पांनी त्याला सोडवलं. "खुळी का काय," ते म्हणाले. "घरची मानसं कुठं हरवत्यात व्हय?"

आत्ती आमटी वाढत होत्या. त्यांनी पळी भांड्यात ठेवली.

"हरवत्यात," त्या म्हणाल्या. "सौंदत्तीच्या जत्रंत मी चुकल्याली. जया पोटात हुती. दीस बुडताना कशीबशी गाडीपाशी आली, तर ह्यांनी काय इचारलं, ठावं हाय? तांब्या कुठं हाय, म्हनाले."

आप्पा ताटात बघत होते. जयाक्कांनी हळूच विचारलं, "मग? हुता?"

"हुता की. हातातच हुता," आत्ती म्हणाल्या. "म्हनून तर गाडीत घेतलं."

त्या पुन्हा वाढायला लागल्या नाहीत. पळी तशीच राहिली, ज्याला हवं त्याने आपल्या हाताने घेतलं.

निघताना मी तेजूचा हात धरला आणि सरळ गाडीत जाऊन बसले. पाठोपाठ आत्ती आल्या. पदर सावरत माझ्या शेजारी बसल्या. त्यांच्याही हातात काही नव्हतं. निळी बॅग, रिकामे डबे, ओले कपडे, जयाक्कांनी बांधून दिलेला गूळ, सगळं पडवीत होतं.

"आरं, ह्या पिशव्या कोन आननार?" नागेंद्र पडवीतून ओरडला.

आम्हा तिघींपैकी कुणी मान वळवली नाही. आत्तींनी हात लांबवला आणि गाडीचं दार आतून ओढून घेतलं.