दोष आढळला नाही

"थांबा, आता येईल बघा," असं म्हणून सर श्वास रोखून बसले.

बॉनेटखाली वाकलेल्या मेकॅनिकने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं आणि मूठ कानाशी लावली. आवाजावरून दुखणं ओळखतो म्हणून वर्कशॉपमध्ये सगळे त्याला डॉक्टर म्हणत. अठरा वर्षं तो तिथे होता. पण आज इंजिन एका सुरात, शहाण्यासारखं चाललं होतं.

"काही नाही सर."

"इथे आलं की गप्प बसतं हो! सकाळी पहिली दोन मिनिटं कुरकुरतं. दात खाल्ल्यासारखं."

भूगोल शिकवून निवृत्त झालेले सर याच तक्रारीसाठी तिसऱ्यांदा आले होते. गाडी आखूड, पण थाट मोठ्या गाडीचा. निवृत्तीच्या पैशांतला मोठा वाटा घालून त्यांनी ती घेतली, कारण बायकोला उंच गाडीत चढवत नव्हतं आणि साध्या छोट्या गाडीत हादरे सोसत नव्हते.

"रात्रभर ठेवून जा. सकाळी थंड इंजिनावर ऐकतो."

"तेवढं सोडून बोला. दिवसाआड सकाळी सहाला हिला डायलिसिसला न्यायचं असतं. मधल्या दिवशीही तिला कधी धाप लागेल, सांगता येत नाही. गाडी दारात लागते."

सरांचं घर डॉक्टरच्या कामावर येण्याच्या वाटेवरच होतं. तासभर लवकर निघून एकदा त्यांच्या दारात उभं राहायचं, एवढंच. हे त्याच्या मनात आलं होतं. पण मागे पाच गाड्या खोळंबल्या होत्या, मॅनेजर काचेआडून घड्याळ दाखवत होता. डॉक्टरने जॉबकार्डवर लिहिलं, 'दोष आढळला नाही.' मागच्या दोन वेळीही त्याने हेच लिहिलं होतं.

बाराव्या दिवशी तीच गाडी टोचन लावून, ओढत आणली गेली.

डॉक्टरने इंजिन उघडलं आणि त्याचा चेहरा पडला. पाण्याच्या पंपाचं बेअरिंग झिजून जाम झालं होतं, त्याच्यावरचा पट्टा तुटला होता. पाणी फिरायचं थांबलं आणि इंजिन तापून वाकलं. पंपाची चकती त्याने हाताने जोर लावून फिरवून पाहिली. ती कुरकुरली, दात खाल्ल्यासारखी.

"बाई गेल्या म्हणे," शेजारचा मेकॅनिक हळूच म्हणाला. "काल धाप लागली म्हणून नेत होते, हॉस्पिटल एक किलोमीटरवर असताना गाडी बंद पडली. दुसरी गाडी मिळेपर्यंत पाऊण तास गेला. संध्याकाळी संपलं सगळं."

मॅनेजरने त्याला केबिनमध्ये बोलावलं. "इंजिन तापल्याचा लाल दिवा लागल्यावरही चार किलोमीटर हाकलीय गाडी. म्हणजे गिऱ्हाइकाची चूक. तेवढंच लिहा, डॉक्टर. बाकीचं उगाळत बसू नका."

डॉक्टर कोरं जॉबकार्ड घेऊन बाहेर आला.

आठवड्याने सर आले. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण चुकलेलं. उघड्या इंजिनाकडे बघत ते बराच वेळ उभे राहिले.

"एक विचारू? खरं सांगाल?"

"विचारा सर."

"लाल दिवा लागला तेव्हा मी थांबायला हवं होतं का?"

डॉक्टरने हातातला पाना खाली ठेवला. "थांबला असता तर इंजिन वाचलं असतं."

"इंजिनाचं नाही विचारत मी."

डॉक्टर म्हणाला, "सर, तो आवाज खरा होता. पंपाचाच होता. तुम्ही तीनदा सांगितलंत. मी सकाळी तुमच्या घरी येऊन ऐकायला हवा होता. आलो नाही."

सर त्याच्याकडे बघत राहिले. ते ओरडले असते तर डॉक्टरला बरं वाटलं असतं.

"ती म्हणायची, तुम्हाला भास होतात," सर म्हणाले. "नव्हते तर." आणि वळून चालू लागले.

"गाडीला पंधरा दिवस तरी लागतील, सर!"

"लागू देत. आता सकाळी कुठे जायचं नाही."

डॉक्टरने त्याच दुपारी जॉबकार्ड भरलं. पंप सदोष. ग्राहकाची तक्रार तीनदा आली होती. थंड इंजिनावर तपासणी केली नाही. खाली सही, पूर्ण नावाची, वाचता येईल अशी. मॅनेजरने कार्ड वाचलं, पेन बंद केलं. "स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलात."

कंपनीने इंजिन फुकट बदलून दिलं. डॉक्टरची बदली धुलाईच्या शेडमध्ये झाली. मॅनेजर सर्वांदेखत म्हणाला, "तिथे ऐकायचं काम नाही." दोघे-तिघे हसले, मग डॉक्टरकडे बघून गप्प झाले.

पंधरा दिवसांनी सरांची गाडी शेवटच्या धुलाईला त्याच्याकडेच आली. त्याने ती दोनदा धुतली, काचा पुसल्या, दार उघडून आत व्हॅक्यूमचा पाइप फिरवला. ड्रायव्हरशेजारची सीट पार मागे झोपवलेली होती, जवळजवळ पलंगासारखी. उशीच्या जागी चामडं डोक्याच्या आकाराने किंचित दबलं होतं. गाडी परत देताना सगळ्या सीटा सरळ करून द्यायच्या, असा वर्कशॉपचा नियम होता.

डॉक्टरने हात पुसले. वाकून सीटचा खटका धरला. थोडा वेळ तसाच धरून ठेवला.

मग सोडून दिला, आणि दार आवाज न करता लावून घेतलं.